टोपीबाबांच्या दाढ्या

श्रीदेवीनं लोकरीचा बुटका उलटा केला, त्याचं बूड अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि टेबलावर ठेवला. तो हलला नाही. मग तिनं त्याच्या दाढीवर हळूच फुंकर मारली. पांढरी लोकर पिसासारखी उठली आणि पुन्हा जागच्या जागी बसली.

"चाची, ही दाढी कशी केली?"

सरदारबी पिशवीतले बाकीचे बुटके काढून ओळीत लावत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"झाली अशीच."

"अशीच कशी होईल? चौदाजणी करतात. बाकीच्यांच्या दाढ्या बघा, झाडूचे फड लावल्यासारख्या दिसतात."

उमरग्यात शंभुलिंगचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि त्याच्या वरच्या खोलीत त्याची बायको श्रीदेवी विणकामाचा गट चालवायची. यंदा हैदराबादच्या एका बाईंनी दोनशे बुटक्यांचं काम दिलं होतं. वीतभर उंचीचा लोकरीचा म्हातारा. नाकापर्यंत ओढलेली उंच निमुळती टोपी, टोपीखालून बाहेर आलेलं गोल नाक आणि नाकाखाली थेट पोटापर्यंत दाढी. डोळे नाहीत, तोंड नाही. परदेशात नाताळाला लोक हा बुटका खिडकीत ठेवतात, तो घराची राखण करतो म्हणतात, असं श्रीदेवीनं सांगितलं तेव्हा बायकांनी लगेच त्याचं नाव टोपीबाबा ठेवून टाकलं होतं.

सरदारबीनं चाळीस वर्षं नमाजाच्या जाळीदार टोप्या विणल्या होत्या. क्रोशाच्या साध्या टाक्यांच्या, मुक्या खांबांच्या, फेऱ्या तिची बोटं न मोजता घालायची. सुरुवातीला सगळ्यांचे बाबा आडवे पडायचे, तेव्हा बुडाची शेवटची फेरी टाक्याच्या फक्त मागच्या पदरातून घ्यायची म्हणजे कड ताठ राहते, ही युक्ती तिनंच काढली होती. पोटात धुतलेल्या बारीक खडीची पुरचुंडी घालायचं तिनंच शिकवलं होतं. गटातल्या बायका तिला मानायच्या ते उगीच नाही. पण दाढी तिची नव्हती.

"बाईंनी फोटो बघितला," श्रीदेवी म्हणाली. "सगळ्या दोनशेंना हीच दाढी पाहिजे म्हणतात. नाहीतर दुसरीकडं काम देतील. उद्या सगळ्यांना बोलावते. तुम्ही शिकवा."

सरदारबीनं मान डोलावली. पिशवीची घडी तिनं घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

*

दाढ्या तिचा नवरा करत होता.

मुनवरनं एकतीस वर्षं सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवला होता. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जहिराबादच्या अलीकडं त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून आपोआप खाली पडला. काय होतंय ते कळायच्या आत उजवा पायही जड झाला. डाव्या हातानं त्यानं भरलेली गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंडिकेटर लावला आणि मगच तो सीटवर कलंडला. दवाखान्यातले लोक म्हणाले, तुमच्या नवऱ्यानं चार-पाच जणांचे जीव वाचवले. सरदारबीनं ते ऐकलं आणि मनात ठेवलं. मुनवरपुढं ते काढायची सोय नव्हती. गाडीचा विषय निघाला की तो तोंड फिरवायचा.

वर्षभरात पाय थोडा वळला, काठी घेऊन चालता येऊ लागलं. हात मात्र खांद्याला टांगल्यासारखा राहिला. जीभही जड झाली होती. शब्द ओढत ओढत यायचे, म्हणून त्यानं बोलणंच सोडलं. दवाखान्यातून दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो त्यानं पहिल्याच आठवड्यात अंगणात भिरकावला. सोलापूरहून मुलाचा, मुजीबचा, फोन यायचा. बाप "हूं" म्हणायचा आणि फोन आईकडं द्यायचा.

मग एका दुपारी सरदारबी दाढीच्या गुंत्यानं इतकी वैतागली की तिनं तो टोपीबाबा कॉटवर फेकला.

"या दाढीनं माझा जीव घेतला!"

ती भाकरी करायला आत गेली. परत आली तेव्हा मुनवरनं बाबाला मांडीवर आडवं घातलं होतं आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून त्याच्या छातीवर ठेवला होता. तो हात काही करू शकत नव्हता, पण त्याला वजन होतं. त्याच्याखाली बाबा तसूभर सरकत नव्हता. आणि डाव्या हातात स्वतःच्या दाढीची फणी घेऊन मुनवर लोकरीचं एक-एक टोक सोडवत होता. तोंडातून जीभ थोडी बाहेर आली होती, घाटातून गाडी काढताना यायची तशी.

सरदारबी उंबऱ्यातच उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी ती हलली नाही.

त्यानंतर बाबे ती विणायची आणि दाढ्या तो करायचा. पीळ उलगडायचा, पाण्याचा हात लावायचा, विंचरायचा, वाळू द्यायचा, पुन्हा विंचरायचा. कुठलीही दाढी दुसरीसारखी नसायची. आठेक दिवसांनी एक बाबा तिच्यापुढं धरून तो आपणहून बोलला.

"हा नांदेडचा सरदारजी. माझा टायर फुटला तवा... दोन तास थांबला व्हता. उन्हात."

दुसऱ्या दिवशी दुसरा. "हा हुमनाबादचा ढाबेवाला. वाढताना दाढी वरणात जाईल म्हणून... म्या ताट लांब धरायचो."

सरदारबी हसली. किती दिवसांनी हसली ते तिलाच आठवेना. एकतीस वर्षांत रस्त्यावर भेटलेली सगळी दाढीवाली माणसं एकेक करून त्या कॉटवर येऊ लागली. पण त्यानं तिच्याकडून कसम घेतली होती. बाहेर कुणाला कळता कामा नये. वीस टनाची गाडी ओढलेला ड्रायव्हर आता बायकांच्या बाहुल्या विंचरतो, हे चौकात गेलं की झालं.

*

शिकवायच्या दिवशी सरदारबीनं नवऱ्याची फणी गुपचूप पिशवीत टाकली. वरच्या खोलीत चौदाजणी गोल करून बसल्या होत्या. तिनं बाबा गुडघ्यात धरला, पाण्याचा हात लावला आणि फणी वरून खाली ओढली. लोकरीचा अख्खा पुंजका फणीत आला.

"आज हात बसंना," ती म्हणाली.

दुसरा घेतला. त्याची दाढी अर्धी फुलली आणि अर्धी चिकटून राहिली. कुणी हसलं नाही, त्यानं तिला जास्त लाज वाटली. बायकांनी नजरा आपापल्या सुयांकडं वळवल्या. श्रीदेवीनं चहा मागवला आणि सगळ्या गेल्यावर ती सरदारबीजवळ बसली.

"चाची, तुम्हाला शिकवायचं नसलं तरी चालतंय. तुमची कला आहे. म्या बाईंना नाही म्हणून कळवते."

"तसं न्हाय गं पोरी," सरदारबी म्हणाली. तिनं बिघडलेले दोन्ही बाबे पिशवीत भरले.

घरी आल्यावर तिनं पिशवी खुंटीला अडकवली आणि पाण्याला गेली. येईपर्यंत मुनवरनं काठीनं पिशवी खाली पाडली होती. फणी शोधायला. बिघडलेले दोन्ही बाबे त्याच्या मांडीवर होते.

"ह्यांची हजामत कुणी केली?"

सरदारबीनं घडलं ते सगळं सांगितलं. कसम मोडली नाही, हेही सांगितलं. तो ऐकत होता आणि टक्कल पडलेल्या बाबाच्या हनुवटीवर अंगठा फिरवत होता.

"काम जाईल?"

"जाईल. जाऊ द्या. दुसरं येईल."

तिनं हट्ट धरला नाही. वर्षभरात या माणसाचं इतकं काही गेलं होतं की त्याच्याकडून आणखी काही मागायला तिची जीभ रेटेना. ती स्वयंपाकाला लागली. मुनवर संध्याकाळपर्यंत ती बिघडलेली दाढी दुरुस्त करत बसला. लोकरच उरली नव्हती, ती दाढी काही होईना. अखेर त्यानं बाबा खाली ठेवला.

"फणी वरनं घातलीस तू."

"मला काय ठाव?"

"त्या चौदाजणी बी तसंच करणार. उपटून काढतील सगळ्यांच्या दाढ्या."

हे म्हणताना त्याच्या आवाजात खरोखरीचा राग होता. लोकरीच्या बाहुल्यांसाठी आलेला राग. सरदारबीनं चुलीकडंच तोंड ठेवलं.

सकाळी ती झाडून आत आली तेव्हा मुनवर कॉटच्या कडेला धुतलेला सदरा घालून बसला होता. डाव्या हातानं सगळी बटणं त्यानं स्वतः लावली होती. एक घर चुकलं होतं. डोक्यावर तिनं विणलेली टोपी होती.

"रिक्षा बोलाव," तो म्हणाला.

*

शंभुलिंगच्या दुकानाशेजारून वर जाणारा जिना अरुंद होता. सतरा पायऱ्या. मुनवर खाली उभा राहून त्या मोजत होता, हे सरदारबीला कळलं. शंभुलिंग गल्ल्यावरून उठून धावत आला.

"चाचा, हात द्या. उचलून नेतो."

"नको. मागं ऱ्हा. घाटात मागच्या गाडीनं अंतर ठेवायचं असतंय."

शंभुलिंग दोन पायऱ्या मागं राहिला. मुनवर डावा पाय वर ठेवायचा, काठी रोवायची, मग कमरेपासून उजवा पाय ओढून घ्यायचा. नवव्या पायरीवर थांबला. सदरा पाठीला चिकटला होता. सरदारबीनं पदर तोंडाशी धरला, पण तिनं हात लावला नाही. बाराव्या पायरीवर पुन्हा थांबला. वरच्या दारात बायका गोळा झाल्या होत्या. त्या बघतायत हे पाहिल्यावर तो पुढच्या पाच पायऱ्या न थांबता चढला.

खुर्चीवर टेकून तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. बायकांनी पदर सावरले. पुरुष माणूस खोलीत आला म्हणून काही जणी भिंतीकडं सरकल्या.

"पाणी," मुनवर म्हणाला.

श्रीदेवीनं लगबगीनं तांब्या-भांडं आणलं. त्यानं भांडं घेतलं, खाली ठेवलं, त्यात चार बोटं बुडवली आणि मांडीवरच्या टोपीबाबाच्या दाढीवर पाणी शिंपडलं. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून बाबाच्या छातीवर ठेवला आणि खिशातून फणी काढली.

"वरनं न्हाय," तो म्हणाला. "टोकापासनं. बोटभर सोडवायचं. मग... त्याच्या वरचं बोटभर. गाठ आली की थांबायचं. ओढलं की तुटतंय."

श्रीदेवी त्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं सरदारबीकडं पाहिलं.

तासाभरात भिंतीकडच्या बायका खुर्चीभोवती आल्या होत्या. मुनवरची जीभ अडखळत होती, पण तो थांबत नव्हता. एकीला म्हणाला, ही दाढी फार गरिबाची झाली, हिला जरा माज येऊ द्या. दुसरीचा बाबा त्यानं उजेडाकडं धरला आणि म्हणाला, हा तर बिदरचा वकील, माझा दंड यानंच माफ करवला व्हता. बायका हसल्या. हळूहळू प्रत्येकीला आपल्या बाबाचं कूळ कळून घ्यायची घाई झाली. "चाचा, माझा कोण?" "चाचा, ह्यो कुठला?" सरदारबी कोपऱ्यात बसून टोप्या विणत होती. एवढं बोलताना तिनं त्याला ट्रक चालवायच्या दिवसांतही ऐकलं नव्हतं. तिची सुई दोनदा टाका चुकली. तिनं तो उसवला नाही.

निघायच्या वेळी श्रीदेवीनं टेबलावर चौदा टोपीबाबा ओळीनं मांडले आणि मोबाईलवर फोटो घेतला. फोटो हैदराबादला गेला. लगेच उत्तर आलं. श्रीदेवीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं: काम तुमचंच, आणि या कारागिराचं नाव कळवा.

सगळ्यांनी मुनवरकडं पाहिलं. तो सदऱ्याचं चुकलेलं बटण सोडवण्यात गुंतला होता.

"काय कळवू, चाचा?"

"मुनवर ड्रायव्हर," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुढं म्हणाला, "आणि सरदारबी. बाबे तिचे हायत."

बायका पांगल्या. एकजण मात्र दारातच घुटमळत राहिली. शरणम्मा, दिवसभरात सगळ्यात कमी बोललेली. सकाळपासून तिचं लक्ष फणीकडं कमी आणि बाबाच्या छातीवर ठेवलेल्या त्या हाताकडं जास्त होतं, हे सरदारबीनं पाहिलं होतं.

"अण्णा, एक विचारू?" शरणम्मा म्हणाली. "आमचे मालक, गिरणीवाले धोंडप्पा. श्रावणापासनं पडून हायत. भिंतीकडं तोंड करून. कुणाशी बोलत न्हाईत."

"कोणची बाजू गेली?"

"डावी."

मुनवरनं काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर घेतली.

"मंजी उजवा चालतोय."

"चालतोय. पण करत न्हाईत कायच." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "उद्या त्यांना घेऊन येऊ का इथं? रिक्षात घालून आणते. वर चढवायला दीर येतील."

मुनवरनं उघड्या दारातून जिन्याकडं पाहिलं.

"तुमच्या घराला पायऱ्या किती?"

"एकच हाय, अण्णा."

"मग त्यांना कशाला तरास देता," मुनवर म्हणाला. "म्याच येतो."