दुसऱ्यांदा पडलेल्या किल्ल्या

कवळीवाल्याने चपला काढून हातात घेतल्या आणि शेवटचा जिना तो अनवाणीच चढू लागला. आपल्याच घरी चोरपावलांनी जायची पाळी त्याने स्वतःच स्वतःवर आणली होती. समोरच्या मावशींचं दार संध्याकाळी उघडंच असायचं, आणि मासिकाचा अंक आल्यापासून तो त्यांची नजर चुकवत होता. पण मावशींचे कान कसले, वैरी होते त्याचे.

"चपला घाल पायात, फरशी गार आहे," आतून आवाज आला. "आणि ये इकडे."

तो मुकाट्याने आत गेला. दिवसभर तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचा आणि अंगभर पांढरी भुकटी घेऊन घरी यायचा. मग अंघोळ केली, की भुतं, खून नाहीतर राजवाडे लिहायला बसायचा. कवळीवाला हे नाव मावशींनीच ठेवलेलं, आणि त्याची पहिली वाचकही त्याच. त्याच्या ऐतिहासिक कादंबरीतल्या सरदाराने काडी ओढून मशाल पेटवली, तेव्हा "मेल्या, त्या काळी काडेपेटी कुठली रे?" म्हणून मावशींनीच त्याचा कान उपटला होता. रहस्यकथेतला खुनी त्या निम्म्यातच पकडायच्या आणि आपलं बरोबर येतं का हे बघायला उरलेलं पुस्तक चवीने वाचायच्या. काका वैतागायचे. "वाढतेस, का आधी आरोपी सापडायचाय?"

काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. दोन दारांमधल्या त्या एवढ्याशा फरशीवरच ते कोसळले. मावशी तेव्हा वाचनालयात पुस्तक बदलायला गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, कळलंसुद्धा नसेल त्यांना. मावशींनी त्या एका वाक्यावर वर्ष काढलं होतं.

टेबलावर भयकथा विशेषांक पडला होता. त्याच्या गोष्टीतला मेलेला नवरा रोज तिन्हीसांजेला आपल्या दाराशी येतो, आणि बायको आत बसून नुसती ऐकते, उठून दार उघडत नाही. संपादकांनी आपणहून फोन करून शाबासकी दिली होती. इतकी चांगली गोष्ट त्याच्या हातून आजवर उतरली नव्हती. त्याला ते ठाऊक होतं आणि तेच त्याला आतून खात होतं.

"फक्कड झालीय," मावशी म्हणाल्या. "वाचल्यावर पाणी प्यायला उठवेना."

त्याचा जीव भांड्यात पडला. "खरंच आवडली?"

"आवडली म्हणजे काय, तीनदा वाचली. पहिल्यांदा घाबरले. दुसऱ्यांदा रडले." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "तिसऱ्यांदा मात्र माझी खोड जागी झाली."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला होता. नखात अडकलेली भुकटी कोरू लागला.

"तुझ्या गोष्टीत त्याच्या हातून किल्ल्या दोनदा पडतात."

"हो. म्हणजे, जरा वातावरण तयार व्हावं म्हणून."

"एकदा पडणं कुणालाही सुचेल. दोनदा पडणं सुचत नाही रे, ते ऐकू येतं."

"मावशी, कल्पना आहे सगळी."

"भूत कल्पना आहे, एवढं कळतं मला. केस उगाच नाही पांढरे झाले." त्यांनी चष्मा चढवला आणि अंक उघडला. पान शोधावं लागलं नाही. "'पहिल्यांदा किल्ल्या फरशीवर खणकन पडल्या. दुसऱ्यांदा पायपुसण्यावर पडल्या, मऊ.' काय ओळ लिहिलीस."

त्या ओळीवर त्याचा भारी जीव होता. ती काढून टाकावी असं मनात आलं नव्हतं, असं नाही. दोनदा त्याने ती खोडली आणि दोनदा पुन्हा लिहिली, कारण तिच्याशिवाय गोष्ट लंगडी पडत होती. मोह वाईट.

"माझ्या दाराला पायपुसणं नाही," मावशी म्हणाल्या. "ह्यांचा पाय अडकायचा म्हणून मीच काढून टाकलं होतं. त्या दिवशी किल्ल्या तुझ्या पायपुसण्यावर होत्या. मी उचलल्या आणि कुणाकुणाला म्हणून सांगितलं नाही. वाटलं, पडताना उडाल्या असतील तिकडे."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. 

"तू घरी होतास."

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण ज्या मावशींनी त्याचा एकूण एक खुनी पकडला, त्यांच्यापुढे त्याचं खोटं टिकणार किती वेळ? वर्षभर तो हे छातीवर घेऊन हिंडत होता. गोष्ट लिहिताना ते सगळं त्याने त्या बायकोच्या माथी मारलं, आणि लिहून झाल्यावर त्याला छान झोप लागली होती. त्या झोपेची आता त्याला लाज वाटली.

"वाचत होतो," तो म्हणाला. "किल्ल्या पडल्याचं ऐकलं. मग माझ्या दारावर हात घासल्यासारखा आवाज आला. धड टकटकही नाही. म्हटलं, काका असतील, काहीतरी हवं असेल. एवढं संपवतो आणि उठतो."

"एवढं म्हणजे किती?"

"चार पानं."

मावशींनी अंक मिटला आणि मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवले.

"म्हणजे क्षणात नाही गेले," त्या म्हणाल्या.

"उठलो तेव्हा बाहेर तुमचाच आवाज होता, दार उघडायची हिंमत झाली नाही. मावशी, मी आधीच उठलो असतो तर..."

"थांब जरा. मी तरी कुठे लगेच आले? वाचनालयातल्या कपाटापाशी उभी राहून वाचतच राहिले होते की." त्यांचा आवाज फाटला, मग त्यांनी तो सावरला. "खुनाचं होतं का, तुझं ते पुस्तक?"

"हो."

"शेवट चांगला होता?"

आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. ते ऐकायला बरं वाटलं असतं, दोघांनाही.

"फार चांगला होता," तो म्हणाला. "खाली ठेववेना."

मावशींनी मान हलवली. खाली न ठेववणारं पुस्तक म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"आहे अजून तुझ्याकडे?"

होतं. टाकून द्यायचं म्हणून किती वेळा हातात घेतलं होतं, पण टाकवलं नव्हतं. तो समोर गेला, स्वतःचं पायपुसणं ओलांडताना अडखळला, आणि कपाटात कपड्यांच्या मागे सारलेलं पुस्तक काढून घेऊन आला. मावशींनी नाव बघितलं नाही.

"कुठून वाचत होतास?"

त्याने पान काढून ओळीवर बोट ठेवलं.

"बस तिथे," त्या म्हणाल्या. "चार पानांना किती वेळ लागतो, बघते."

त्यांनी पुस्तक दिव्याखाली धरलं आणि वाचायला सुरुवात केली. एरवी मावशींचं वाचणं म्हणजे भरभर, नजर नुसती पळायची. आज ओठ हलत होते आणि बोट एकेका शब्दाखालून सरकत होतं. तो उघड्या दारातून बाहेरच्या फरशीकडे बघत राहिला. दिवस मावळला. खालच्या मजल्यावर कुणीतरी आलं, कुलूप काढून आत गेलं, दार लागलं, आत भांडी वाजली. आता झालीच असतील चारही पानं, असं त्याला वाटलं आणि त्याने वळून बघितलं.

मावशी पहिलं पान उलटत होत्या.