न ऐकता आमेन

शिवणवाल्या बाईला डोळे मिटून प्रार्थना जमायची नाही. डोळे मिटले की गिऱ्हाइकांचे गळे नि बाह्या डोक्यात फिरायच्या. मग तिने युक्ती काढली. फोनवर स्वतःच्याच नंबरला आवाजी मेसेज करायचा. माइक चालू, हातात तुरपाई, आणि देवाशी सरळ बोलणं. देवाशिवाय ऐकतंय कोण?

त्या दुपारी बोट घसरलं आणि प्रार्थना थेट चर्चच्या ग्रुपवर गेली.

"प्रभू, जावेला क्षमा कर म्हणतोस. नाही करत, जा! माझ्या लेकीचा संसार मोडला, ते हिने भर उपासनेत माइकवरून सांगितलं. म्हणे, प्रार्थना-विनंती! चहाड्या करायच्या आणि वर तुझं नाव लावायचं. लेक तेव्हापासून चर्चची पायरी चढलेली नाही. झडू दे हिची जीभ!"

चूक लक्षात येईपर्यंत खाली रांग लागली होती. आमेन. आमेन, ताई. जोडलेले हात. पाळकसाहेबांचं तर, 'आमेन, प्रभू तुमची विनंती पूर्ण करो.'

बाईला आधी घाम फुटला, मग हसू, मग संताप. एकानेही ऐकलं नव्हतं. जावेची जीभ झडावी म्हणून अख्खी मंडळी आमेन म्हणून मोकळी झाली होती. यांची सगळी भक्ती अंगठ्यात!

फोन वाजला. जाऊच.

"ताई, मी ऐकलं. शेवटपर्यंत."

"बरं झालं."

"काढून टाक ना. बाकी कुणी ऐकलेलं दिसत नाही."

"माझं एका बोटाने निघेल. तू माइकवर बोललीस ते कसं काढायचं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मला खरंच वाटलं गं, सगळ्यांनी प्रार्थना केली तर..."

"सगळे कशी करतात ते खाली वाच की!"

जाऊ म्हणाली, "रविवारी माइक घेते. चुकले म्हणते."

"लेकीचं नाव पुन्हा घेतलंस तर बघ."

"फक्त माझं घेईन. आणि जीभ?"

"राहू दे. रविवारी लागेल."

"लेकीचा नंबर देतेस? आधी तिची माफी मागते."

"तिला विचारते. नको म्हणाली तर नको."

बाईने मेसेज काढून टाकला. आमेनं ग्रुपवर तशीच लोंबकळत राहिली. क्षमा केली का? नाही, अजून नाही. तिने सुई कापडात खोचली आणि लेकीला फोन लावला.