ओघळीपलीकडची वाणी

सदुसष्ट साली मी अमडापूरजवळच्या एका खेड्यात ग्रामसेवक होतो. नोकरी नवी, त्यामुळे अक्कल कमी आणि तोरा जास्त. त्या वर्षी भगवानरावांच्या शेतात सरकारी बियाण्याचा प्लॉट होणार होता, संकर ज्वारीचा. नियम कडक होता: प्लॉटच्या चहूबाजूंनी दोनशे मीटरांत दुसरी ज्वारी नको. आणि बांधाला लागूनच तानुबाईंचं अर्धा एकर रान. तिथे त्या दर साली वाणी पेरायच्या, म्हणजे हुरड्याची गोड ज्वारी. पंचक्रोशीत ते बी आता फक्त त्यांच्याच घरी उरलं होतं.

पेरणीआधी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन हुकूम सोडला, "मावशी, यंदा वाणी पेरायची नाही. शेजारी संकर ज्वारी येतेय."

"शंकराची ज्वारी?" त्यांनी पदर सारखा केला. "मंग माह्या वाणीनं देवाचं काय बिघडवलं?"

"शंकर नाही हो, संकर! तुमच्या ज्वारीच्या फुलोऱ्यातला पराग वाऱ्यानं तिकडे उडाला, की त्यांचं बी बिघडतं."

"वारा का एकाच दिशेनं वाह्यते, भाऊ? तिकडचा इकडं आला तं माह्यं बी नाई बिघडनार?"

सरकारी कागदावर त्या नव्या बियाण्याची काळजी पानभर होती. तानुबाईंच्या बियाण्याबद्दल एक ओळ नव्हती, आणि खरं सांगतो, माझ्या डोक्यातही ते आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"माह्या मायनं देल्लं बी हाय," त्या म्हणाल्या. "नाई पेरलं तं किड्याच्या घशात जाईन. पेरलं तं तुमच्या शंकराच्या."

मी तडक भगवानरावांकडे गेलो. शेतांमधून वाहणाऱ्या ओघळीपलीकडे, लांब टेकडीच्या पायथ्याशी त्यांचा एक तुकडा होता. तो तानुबाईंना द्यायचा आणि त्यांच्या रानात भगवानरावांनी मूग पेरायचा, असं सुचवलं. त्यांनी आधी नाक मुरडलं. पण प्लॉट नापास होईल म्हटल्यावर स्वारी कबूल झाली.

राहिले मधल्या रानांचे मालक; त्यांनीही यंदा ज्वारी टाळायला हवी होती. त्यांना मीटर समजावता समजावता माझा घसा बसला. "सरकार आता वाराबी मोजून राह्यलं काय बे?" म्हणून त्यांतला सहदेव हसला, आणि सगळेच हसले.

शेवटी सोमवारी महादेवाच्या देवळात तानुबाईच बोलल्या, "पिंडीची ओघळ कोनी ओलांडते काय? अर्ध्यातून माघारी फिरता ना? मंग हे शंकराची ज्वारी हाय. ओघळीच्या दोन्ही अंगाले दोनशे पावलं ज्वारी नका पेरू."

मी चूक सुधारायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी ते मिटून घेतलं. बाई सगळं समजून होती! त्या साली मधल्या रानात नुसते मूग आणि उडीद दिसले.

प्लॉट पास झाला. तानुबाईंचा जीव मात्र वर्षभर टांगणीला होता, कारण भेसळ झाली की नाही ते पुढच्या पेरणीतच दिसणार होतं. दुसऱ्या साली वाणी निसवली, कणसं बाहेर पडली, तेव्हा आम्ही दोघं पिकाची ओळ न् ओळ फिरलो. संकरसारखा बुटका धांडा नाही, परकं कणीस नाही. शेवटच्या ओळीला पोचल्यावर तानुबाई तिथेच बसल्या आणि रडायला लागल्या. मलाही राहवलं नाही.

हिवाळ्यात त्यांनी ओट्यावर पाच बायका बोलावल्या. आजवर कुणाला चिमूटभर बी न देणारी ही बाई एकेकीच्या पदरात ओंजळ ओतत होती. "एका घरचं मेलं तं दुसऱ्या घरून मागता आलं पाह्यजे," त्या म्हणाल्या.

मीही रुमाल पसरला.

"तुमचं तं रानच नाई, भाऊ!"

"सासुरवाडीला आहे, मोताळ्याकडे."

त्यांनी दोन ओंजळी ओतल्या. "घ्या. जेवढी घरं, तेवढी इची उमर."