शेवटच्या टप्प्यावरची मुलगी

लाल चुंबक. बोटाच्या पेराएवढं, गोल, मधोमध पांढऱ्या रंगात सतरा – आणि फळ्याच्या पार उजव्या टोकाला, बाकीच्या चुंबकांपासून जरासं सुटं, जणू ते तिथवर स्वतःच धावत गेलं होतं. सतरा नंबर म्हणजे ओहाय. वर्गाच्या रिलेत उजवं टोक म्हणजे शेवटचा टप्पा, आणि शेवटचा टप्पा म्हणजे वर्गातले सगळ्यात वेगवान पाय. तिचे पाय बाकाखाली एकमेकांवर चढून स्वस्थ बसले होते. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

फंग सरांनी तर नाहीच. सकाळी आल्या आल्या त्यांनी चुंबकं लावली, हात झटकले आणि म्हणाले, "यंदा आपल्याकडे हुकमाचा एक्का आहे! काय ओहाय? तुम्हा अमीस आदिवासींच्या रक्तातच असतं धावणं!" प्रेमानं म्हणाले. तेच तर. वाईट बोलणाऱ्याला उत्तर देता येतं, प्रेमानं बोलणाऱ्याला नुसतं हसून दाखवावं लागतं. ओहायनं हसून दाखवलं. ती या शाळेत याच सत्रात आलेली. आणि शाळा बदलली की तिला आधी काही दिवस वेगवान व्हावं लागतं, मग मैदानावर सगळ्यांची निराशा करावी लागते...

फक्त आज तेवढ्यावर भागणार नव्हतं. रिलेचा सराव शाळा सुटल्यावर, आणि को बाईंचा गणिताचा गटही त्याच वेळेला. शुक्रवारी त्यातून दोघांना जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निवडणार. "आजपासून येणार असशील तरच ये," बाई म्हणाल्या होत्या, "दोन्ही दगडांवर पाय नको."

"ए, सांगून टाक ना सरांना," जेवणाच्या सुट्टीत डब्यातला टोफू चॉपस्टिकनं मोडत तिची मैत्रीण श्याओ-मान म्हणाली.

"काय सांगू?"

"की तू कासव आहेस."

"त्यांना खरं वाटणार नाही. जुन्या शाळेतही कुणाला वाटलं नव्हतं."

"आणि गणिताला कशाला जातेस गं?" शेजारच्या बाकावरून क्वान-यू. "तुला तर आदिवासी म्हणून पस्तीस टक्के जादा गुण फुकटात!"

"ते पुढे कॉलेजच्या प्रवेशाला मिळतात रे, गाढवा," श्याओ-मान म्हणाली, "वर्गातल्या चाचणीत नाही."

"अच्छा? मग सत्राच्या सुरुवातीला पहिली कशी आली?"

बाकं हसली. ओहायही हसली, सगळ्यांच्या आधी, कारण आधी हसलं की कमी लागतं.

मग दिवे मालवले, आणि सगळ्या वर्गानं रोजच्यासारखी बाकांवर डोकी टेकली. दुपारची झोप. हाताच्या घडीत नाक खुपसलं की स्वतःच्याच श्वासाचा उबदार वास... पहिली कशी आली. हे त्यानं आधीही एकदा विचारलं होतं, आणि त्यानंतरच्या चाचणीत तिनं प्रत्येक उत्तर तीन-तीनदा तपासलं होतं, कुणी बोट ठेवायला नको म्हणून. आणि शेवटची दोन गणितं तशीच राहिली, येत असून. क्वान-यूला ते माहीतही नाही. तो आता मजेत घोरतोय.

गावाकडे, समुद्राकाठी, सणाच्या शर्यतीत ती शेवटून पहिली यायची. मामा काठावरून ओरडायचा, "ओहाय, ये बाई ये, तोवर आम्ही जेवून घेतो!" – आणि मामा स्वतः गायला लागला की कुत्री उठून जायची. तिथे कुणी सावकाश, कुणी बेसूर, कुणी लबाड, ज्याचं त्याचं. तिथे मी नुसती सावकाश होते. इथे मी सगळ्या अमीस लोकांच्या वतीनं सावकाश आहे.

संध्याकाळी मैदानावर तिनं सांगितलंच. दुपारभर घोकलेलं वाक्य, एका दमात. "सर, मी सावकाश धावते. मला को बाईंकडे जायचंय."

"लाजतेस काय! एकदा धावून तर दाखव."

धावली. सगळं लावून धावली, काही राखून न ठेवता. परत आली तेव्हा सर स्टॉपवॉचला टिचकी मारून बघत होते.

"जोर लावलास ना?"

"हो सर."

"पूर्ण?"

"पूर्ण, सर. हाच माझा वेग आहे." हे तिनं एवढ्या मोठ्यांदा सांगितलं की पलीकडची उंच उडीवाली मुलं वळून बघायला लागली. कडेला उभ्या श्याओ-माननं तर टाळ्याच वाजवल्या.

सर हसले नाहीत. काळजीनं म्हणाले, "दुपारी नीट जेवलीस ना? सराव केलास की येईल गं बाहेर."

बाहेर येईल. म्हणजे सरांच्या मते ती अजून आतच आहे – ती दुसरी ओहाय, हरणासारखी. मी तरी तिला किती शोधलं! दर मैदानावर वाटायचं, आज ती मला बाजूला सारून पुढे निघेल. आणि नाही निघाली की मलाच चोरट्यासारखं व्हायचं, जणू मीच तिला कोंडून ठेवलंय. आज छाती फुटेस्तोवर पळताना आत पाहिलं तर कुणीच नव्हतं. मीच होते, धापा टाकत.

"सर, मी जाते," ती म्हणाली. सरांचं लक्ष स्टॉपवॉचमध्ये. ऐकलं की नाही, कोण जाणे. ती अजून मैदानातच उभी होती, कमरेवर हात ठेवून, आणि हसू काही आवरत नव्हतं. आणि मग, हसता हसताच, तिच्या लक्षात आलं. आत हरणासारखी मुलगी नाही, तर मग क्वान-यू म्हणतो ती फुकटच्या गुणांची मुलगीही नाही. तीही कधी नव्हतीच. म्हणजे आता एखादं गणित राहिलं तर ते त्या मुलीमुळे राहिलं असं म्हणता येणार नाही. शुक्रवारी निवडीत जे होईल ते नुसतं माझं... बरं झालं तरी, वाईट झालं तरी. एवढं मोकळं, की भीतीच वाटावी. धाप अजून ओसरली नव्हती, आणि ती ओसरावी असं तिला वाटतही नव्हतं.