म्हटलं, झोपू दे

दारावर थापा पडल्या तेव्हा मी गाढ झोपेत होतो. मी पावाच्या भट्टीवर रात्रपाळीला असतो, त्यामुळे माझी रात्र दुपारी होते. गोदामांमागच्या आमच्या वस्तीत हे सगळ्यांना माहीत आहे. दुपारी माझं दार कुणी वाजवत नाही. मी आतूनच ओरडलो, "अरे, झोपू द्या की जरा माणसाला."

थापा थांबल्या. पण बाहेरचा माणूस गेला नाही. पायरीवर त्याचे बूट वाजत होते. शेवटी उठून दार उघडलं.

समोर बसचा ड्रायव्हर. त्याच्या मागे, गल्लीच्या तोंडाशी, त्याची बस उभी. इंजिन चालू आणि आत एकही माणूस नाही. आमच्या गल्लीत बस येत नाही, ती शेवटच्या थांब्यावरून वळून परत टेकडीवर जाते.

"काका, चला," तो म्हणाला. "काकूंना दवाखान्यात ठेवलंय."

"काय झालं?"

"उठत नाहीयेत."

मला हसूच आलं. "ती कधी एका हाकेत उठलीय का? खांदा धरून हलवायचं जरा जोरात."

"हलवलं," तो म्हणाला.

रिकाम्या बसमधून आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. तो शेवटच्या थांब्याला लागूनच आहे. डॉक्टरबाईंनी मला खुर्चीत बसायला सांगितलं तेव्हाच मला काय ते कळलं. त्या म्हणाल्या, हृदय थांबलं, बसमध्येच, झोपेत. बराच वेळ झाला असावा.

ड्रायव्हर दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. कुणी विचारलं नव्हतं, तरी तो सांगायला लागला. "आधीच्या फेरीला इथं आलो तेव्हा उठवणारच होतो. पण चेहरा एवढा दमलेला दिसला. म्हटलं, झोपू दे. एक चक्कर मारून आणतो तोवर." मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ही टेकडीवरच्या एका घरी कामाला जायची. झाडणं, पुसणं, इस्त्री, बिछाने घालणं. टेकडीवर गोऱ्या लोकांची घरं आहेत आणि खाली आम्ही काळे. असा काही नियम नाही, पण आहे तसं. वर झाडं आणि शांतता. खाली गोदामं, चोवीस तास मालाच्या गाड्या, खिडकीत रात्रभर गोदामाच्या अंगणातला मोठा दिवा. ही पहाटे निघायची आणि मी त्याच वेळी भट्टीवरून यायचो. तिच्या अंगाने ऊबदार झालेल्या अंथरुणावर मी पडायचो. मुलगी म्हणायची, "तुमचा पलंग कधी थंडच होत नाही."

हिला कुठेही झोप लागायची. बसमध्ये बसली की लागायची. भाजी निवडता निवडता लागायची. मुलीच्या लग्नात फोटो काढायला सगळे उभे राहिले आणि ही मधल्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. त्या फोटोत सगळे तिच्याकडे बघून हसताहेत. वस्तीत तिला पेंगूताई म्हणायचे. ड्रायव्हर तिला रोज शेवटच्या थांब्यावर उठवायचा आणि म्हणायचा, "काकू, उठा, तुमचं राज्य आलं." ती पदर सारखा करत उतरायची. "राज्याला आग लागो तुझ्या. किती छान डोळा लागला होता."

आमच्याकडे हे कौतुकाने सांगतात. पाठ टेकली की झोप, मन साफ असल्याशिवाय असं होत नाही, असं सगळे म्हणायचे. टेकडीवरची तिची बाईसाहेबही म्हणायची, "तुम्हा लोकांचं बरं असतं बाई. दगडावरही झोपता." हिला त्यात वाईट वाटलं नाही. घरी येऊन मला ते खुशीत सांगितलं. मलाही त्यात काही खटकलं नाही.

माझ्या सुट्टीच्या रात्री तेवढं आम्ही एका वेळी झोपायचो. ती घोरायची. घोरता घोरता एकदम गप्प व्हायची, मग दचकून, मोठा श्वास ओढून पुन्हा सुरू व्हायची. सकाळी मी म्हणायचो, "तुझं इंजिन मध्येच बंद पडतं."

"पुन्हा चालू होतं ना? मग झालं तर."

"गॅरेजला टाकू का?"

"आधी स्वतःला टाका. भट्टीच्या धुरानं तुमचंच जास्त वाजतं."

एवढ्यावर ते मिटायचं.

गेल्या हिवाळ्यात तिची डोकेदुखी थांबेना म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो. त्या दिवशी नेमकी बाईसाहेबही तिथे होती. तिचा नेहमीचा डॉक्टर रजेवर होता म्हणून ती खाली आली होती. तिचा नंबर आमच्या आधी लागला आणि दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. झोप नीट लागत नाही, रात्रीतून दोनदा जाग येते, सकाळी ताजं वाटत नाही. डॉक्टरबाईंनी बराच वेळ विचारपूस केली. मोठ्या हॉस्पिटलात एक रात्र झोपायचं, डोक्याला आणि छातीला तारा लावतात, श्वास मोजतात, असं समजावून तिला तिकडे पाठवलं.

मग आम्ही आत गेलो. डोकेदुखीचं बोलणं झालं, रक्तदाब बघून झाला. डॉक्टरबाईंनी तिलाही विचारलं, "झोप कशी आहे?"

"चांगली लागते," ही म्हणाली. "बसले की लागते."

डॉक्टरबाई हसल्या. "नशीबवान आहात." मग गोळ्या दिल्या.

बाहेर आल्यावर ही हसून लोटपोट. "अहो, बाईसाहेबांना झोपेची परीक्षा द्यायला पाठवलंय. मला पाठवलं असतं तर पहिली आले असते."

"तारा काढून नेल्या तरी तू दुपारपर्यंत उठली नसतीस," मी म्हणालो. दोघंही बसमध्ये हसत बसलो. थोड्या वेळाने बघतो तर तिचं डोकं माझ्या खांद्यावर.

ती गेल्यानंतरचं सगळं उरकल्यावर डॉक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं. मी घोरण्याचं सांगितलं, बंद पडणाऱ्या इंजिनाचं सांगितलं. त्या हात कपाळाला लावून ऐकत राहिल्या.

"बसलं की झोप लागणं म्हणजे चांगली झोप नाही," त्या म्हणाल्या. "रात्री श्वास अडकायचा त्यांचा. रात्रभर झोप झालीच नव्हती, कित्येक वर्षं. भुकेला माणूस मिळेल तिथं खातो ना, तसं."

"मग तुम्ही विचारलंत तेव्हा..."

"मी एकच प्रश्न विचारला. त्या चांगली म्हणाल्या आणि मी पुढे गेले. वरचे लोक येतात ते किती वेळा कूस बदलली तेही सांगतात. तुमच्या वस्तीतलं मला आजवर कुणी झोपेचं काही सांगितलेलं नाही. सगळे चांगलीच म्हणतात."

मी म्हणालो, "आमच्याकडे दुखलं तर दवाखाना, ताप आला तर दवाखाना. झोपेसाठी कोण येणार?"

जाताना मी त्यांना ड्रायव्हरचं विचारलं. त्याने आधीच्या फेरीला उठवलं असतं तर?

"बहुतेक त्याच्या आधीच गेल्या होत्या," त्या म्हणाल्या. "शरीरावरून तसं वाटत होतं. त्याला सांगा हे. तो इथे दोनदा येऊन गेला, पण दारातूनच परत फिरला."

मी सांगणारच होतो. वस्तीतले लोक ड्रायव्हरबद्दल कुरकुर करत होते. तो आता कुणाला बसमध्ये डुलकी काढू देत नाही. कुणाचा डोळा लागला की बस बाजूला घेतो, मागे येऊन खांद्याला हात लावतो, "दादा, जागे आहात ना?" म्हणतो. कामावरून आलेली माणसं वैतागतात. एकाने तर त्याला शिवी दिली. तरी तो पुढच्या थांब्यावर पुन्हा मागे येऊन बघून गेला.

परवा मी दुपारी न झोपता टेकडीवर गेलो आणि तिच्या वेळची परतीची बस धरली. तिच्या जागेवर, खिडकीशी बसलो. सगळे उतरले की शेवटच्या थांब्यावर बोलायचं, असं ठरवलं होतं. शब्दही जुळवून ठेवले होते.

शेवटचा थांबा आला. बस रिकामी झाली. त्याने इंजिन बंद केलं आणि माझ्याजवळ येऊन समोरच्या बाकाला टेकून उभा राहिला. वाळला होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"काका, झोप लागते का हो तुम्हाला?"

"लागते," मी म्हणालो. "चांगली लागते."

त्याने मान डोलावली. "मलाही," म्हणाला.

मग मी उतरलो. तो दारात उभा राहून मी रस्ता ओलांडेपर्यंत बघत होता.

ती आधीच गेली होती, तुझ्या हातात काही नव्हतं, हे त्याला अजून सांगायचं राहिलं आहे.