सुंदर अक्षरातलं ‘निरंक’

वाचनालयातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर पान उघडत नव्हतं, नुसता गोल फिरत होता, फिरत होता, फिरतच होता. शाळेच्या प्रकल्पासाठी आलेली पाच मुलं त्याच्याकडे अशी टक लावून बसली होती, जणू मॅचची शेवटची ओव्हर चाललीय. त्यांत सगळ्यात बोलकी ग्रंथपालकाकांची पुतणी. घरात तिला तुडतुडी म्हणत.

“काका, एका पानाला वीस मिनिटं? एवढ्यात अख्खं पुस्तक वाचून झालं असतं.”

“मग वाच की. वाचनालयात आणखी काय करतात?”

काका बोलले खरे, पण त्यांना हसू आलं नाही. हातात इंटरनेट कार्यालयाचं पत्र होतं. शाळा, वाचनालयं आणि आरोग्य केंद्रांना वेगवान लाइन मिळणार होती आणि त्या यादीतून त्यांची वस्ती गळली होती. कारण दिलं होतं, ‘तीन वर्षांत एकही तक्रार नाही. सेवा समाधानकारक.’ हरकत असेल तर महिनाअखेरीस सुनावणीला यावं.

काकांना आठवले दादा, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, तुडतुडीचे बाबा. हृदयाच्या ऑपरेशननंतर ते दर पंधरवड्याला चार तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून मोठ्या दवाखान्यात जात. आरोग्य केंद्रातून डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायची सोय होती, पण दोन वाक्यं झाली की डॉक्टर तोंड अर्धवट उघडं ठेवून तिथेच थिजायचे.

तेवढ्यात आरोग्य केंद्राच्या सिस्टर तेच पत्र फडकवत आत आल्या. “तक्रार नाही म्हणे. यांना सांगितलं कोणी?”

काकांनी कपाटातून तक्रारवही काढली. दर महिन्याला तिची नक्कल कार्यालयात जायची. प्रत्येक पानावर लाल रेघ आणि खाली सुंदर अक्षरात एकच शब्द, निरंक, म्हणजे तक्रार शून्य. छत्तीस महिने, छत्तीस निरंक.

सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. “माझीही वही अशीच आहे. आणि शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई तर निरंक टाइप करून पाठवतात.”

“तक्रार लिहिली की संस्थेला डाग लागतो, सिस्टर. चार लोकांत आपलं वाचनालय चांगलं दिसायला नको?”

“काका, माझ्याकडे कोणी कण्हत आलं आणि म्हणालं, काही दुखत नाही, तर मी औषध कशावर देऊ? आपण इथे कण्हतोय आणि कागदावर ठणठणीत आहोत. भोगतं कोण? तुमचे दादा.”

काकांनी वही पुढ्यात ओढली आणि पेन उघडलं.

“तुडतुडे, ते पान कधी लावलंस?”

“चार वाजून दहा मिनिटांनी.”

“उघडलं?”

“छे.”

काकांनी लिहिलं. वेळेसकट!

त्या दिवसापासून तिन्ही वह्या भराभर भरू लागल्या. शाळेच्या वहीत मुलांनी लिहिलं, ‘बेडकाचं हृदय दाखवणारा व्हिडिओ लावला. बेडूक आला, हृदय आलं नाही.’ सिस्टरांनी लिहिलं, ‘डॉक्टर सात वेळा गायब. रुग्ण कंटाळून झोपला.’

सुनावणीच्या दिवशी कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी वह्या चाळल्या आणि मान वर केली. “या महिन्यात एकशे बारा तक्रारी, त्याआधी तीन वर्षं शून्य. लाइन अचानक बिघडली का?”

हो म्हटलं असतं तर सुटका होती. मुख्याध्यापिकाबाईंनी खाली बघितलं. काका मात्र उठून उभे राहिले.

“नाही मॅडम. लाइन पहिल्यापासून अशीच आहे. मी खोटं लिहीत होतो. कमीपणा वाटायचा. त्याबद्दल मला काय बोलायचं ते बोला, पण माझ्या भावाला पुन्हा त्या बसमध्ये बसवू नका.”



बाईंनी वही मिटली. “अशा कोऱ्या वह्या आल्या की आम्हीही खूश होतो, काका. माणूस पाठवून वेग मोजायला हवा होता. तो उद्या येईल.”

माणूस आला, त्याने वेग मोजला आणि स्वतःच कपाळावर हात मारला. दोन महिन्यांत तिन्ही ठिकाणी वेगवान लाइन आली!

पहिल्याच दिवशी दादा आरोग्य केंद्रात पडद्यासमोर बसले. डॉक्टर स्पष्ट दिसले, अगदी चष्म्यावरच्या डागासकट. त्यांनी रिपोर्ट पाहिला, पायावरची सूज पाहिली, एक गोळी बदलली. दहा मिनिटांत सगळं आटोपलं.

“झालं? एवढंच?” दादा जागचे हलेनात. “मी तर दोन वेळचा डबा घेऊन आलोय.”

सिस्टर हसून हसून बेजार झाल्या. तुडतुडीने तो डबा तिथेच उघडला आणि रांगेतल्या सगळ्यांना वाटला. काका दारात उभे राहून डोळे पुसत होते आणि धूळ गेली म्हणत होते.

मित्रहो, शाळेतलं शिक्षण, वाचनालयातली माहिती आणि दवाखान्यातला डॉक्टर आज याच लाइनवरून घराजवळ येतात. ती नीट मिळणं हा आपल्या सगळ्यांचा हक्क आहे. हक्क मागताना लाजू नका. अडचण लपवली तर ती आपल्याच माणसाला छळत राहते. खरी खरी लिहून, चौघांनी मिळून पुढे ठेवली, तर ती सोडवावीच लागते.