गिरकीपुरता बर्फ

आम्हाला मूल नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला मनातल्या मनात अंदाज बांधत बसायला नको.

लोणावळ्यात तुंगार्लीतल्या आमच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने देतो. शनिवार-रविवारचे दंगेखोर पाहुणे नकोत, वर्षभर राहणारी माणसं हवीत, असा माझा हट्ट. म्हणून तळेगावच्या एका परदेशी कंपनीतले एर्वेसाहेब दोन वर्षांच्या बोलीवर आले तेव्हा मी खूश होते. फ्रान्सचे. ताडमाड उंच, आमच्या दारातून आत येताना दर वेळी चौकटीलाच सॉरी म्हणणारे. बरोबर पंधरा वर्षांची मुलगी, माएलीस. बायको नाही. म्हणजे आहे, पण तिकडे दुसरा संसार मांडून, कडेवर तान्हं बाळ घेऊन. त्या घरात या मुलीला राहायचं नव्हतं.

पहिल्याच दिवशी मुलगी वर गेल्यावर साहेब जिन्यात थांबले आणि हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले, "एक विनंती आहे. तिच्यासमोर बर्फाचा विषय काढू नका."

मला वाटलं, मुलीला सर्दीचा त्रास असेल.

मग हळूहळू कळलं. पोरगी पाचव्या वर्षापासून बर्फावर नाचायची. पायात पातं लावलेले बूट घालून, उड्या, गिरक्या, संगीतावर. स्पर्धांमध्ये. तिच्या वयाच्या मुलींत अख्ख्या फ्रान्समध्ये एकदा तिसरी आलेली. पुढे पावलाच्या हाडाला बारीक चीर गेली. चीर सांधली, डॉक्टर म्हणाले आता खेळ, आणि ही म्हणाली, नाही. सोडलं. वडिलांची बदली भारतात होत होती, तर म्हणे मीही येते, तिथे बर्फ नाही.

"खरंच नाही," आमचे हे म्हणाले. "गोळ्यात असतो तेवढाच. तो पण चोखला की संपतो."

हे म्हणजे दीनानाथ. रेल्वेतून निवृत्त झालेले. घाटात गाडीला मागून रेटा देणारं इंजिन असतं, बँकर, ते यांनी उमेदीची सगळी वर्षं चालवलं. कर्जतहून गाडी ढकलत लोणावळ्यापर्यंत आणायची, इथे सुटायचं, परत खाली जायचं. त्यामुळे त्यांना कुठेही पोचायची घाई नसते.

माएलीसची शाळा कॉम्प्युटरवर. दुपारी ती आटपली की पोरगी खाली माझ्या स्वयंपाकघरात. आमच्याकडे कामाला येणारी सुषमा धरणाच्या वरच्या वाडीतली. बोलायला लागली की भांडी संपली तरी बोलणं संपत नाही. मी पोरीशी माझं मोडकं इंग्रजी बोलायचे आणि सुषमा सरळ मराठी. पोरीने काय उचलावं? दिवाळीपर्यंत ही गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची मुलगी ओट्याला टेकून म्हणायला लागली, "मावशी, मला लय भूक लागली. भाकर हाय का न्हाई?"

भाजीवाल्याने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या हातातला तराजू तसाच राहिला.

"कुटं शिकली गं बाय तू?"

"हितंच," ती म्हणाली. "कोथमीर दे अजून. फुकट."

मी घरी आले ती हवेत. दीनानाथ म्हणाले, "भाड्याने दिलंय, दत्तक घेतलेलं नाही." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

माघात सुषमा वर झाडायला गेली आणि खाली येऊन म्हणाली, "वैनी, त्या पोरीच्या कपाटात सुरे हायेत."

सुरे नव्हते. मी जाऊन पाहिलं. कापडी पिशवीत पांढरे बूट आणि त्यांना ती पाती. आता लोणावळ्याचा पावसाळा ज्याला माहीत आहे त्याला मी काय सांगते ते कळेल. इथे कपाटातल्या चपलेला बुरशी येते, पंचपाळ्याच्या बिजागरीला गंज चढतो. ते बूट सबंध पावसाळा त्या कपाटात होते आणि पात्यांवर एक ठिपका नव्हता. आरशासारखी. मागे वळले तर दारात माएलीस.

"पुसते मी," ती म्हणाली. "रविवारी."

"सोडलंयस ना?"

"व्हय."

"मग कशाला पुसतेस?"

तिने पिशवीचं तोंड आवळलं आणि बूट आत ठेवले. "गंजल म्हनून," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात साहेबांनी आम्हा दोघांना सांगितलं. तिची जुनी प्रशिक्षक दर महिन्याला लिहिते. मार्चअखेर शेवटची मुदत. त्यांच्या वसतिगृहात एक जागा हिच्यासाठी धरून ठेवलीय. नाही आली तर दुसऱ्या मुलीला जाईल, आणि या वयात एकदा जागा गेली की खेळ गेला. "ती उत्तरच देत नाही," साहेब म्हणाले. "मीही विचारत नाही." बोलता बोलता ते माझ्याकडे बघत होते, आणि मला त्यांच्या नजरेत जे दिसलं ते ओळखीचं होतं. गप्प राहून एप्रिल लागला तर पोर आपल्यापाशीच राहणार. दोघांनाही तेच हवं होतं. बापाचा तरी हक्क होता.

पण ते पुसलेलं पातं माझ्या डोळ्यांपुढून जाईना. भांडी घासताना दिसायचं, सुरीने कांदा चिरताना तर हमखास. मग मी एक शहाणपणाचा विचार केला. हिला बर्फच हवाय ना? मग इथेच मिळाला तर? अधूनमधून जाऊन नाचून आली, हौस फिटली, जायला कशाला हवं?

हायवेला एका करमणुकीच्या ठिकाणी 'बर्फावर स्केटिंग' अशी पाटी होती. मी तिला तिथे घेऊन गेले. दारात पेंग्विनचा पोशाख घातलेला एक घामाघूम मुलगा उभा. आत पंजाबी गाणी आणि ओढण्या सावरत एकमेकींवर कोसळणाऱ्या सहलीच्या बायका. माएलीस कठड्याशी वाकली, जमिनीवर नख ओढलं, नख नाकाशी नेलं.

"प्लास्टिक हाय, मावशी."

आणि ती हसायला लागली. आमच्याकडे आल्यापासून इतकी हसली नव्हती. पोट धरून, कठड्याला लटकून. मीही हसले. रिक्षात बसलो तेव्हाही हसतच होतो. मग वलवणच्या वळणावर लक्षात आलं की तिचं हसू कधीच थांबलंय आणि ती बाहेर बघत मांडीवर दोन बोटं सरकवतेय. बोटं पुढे जात होती, वळत होती, एकदम उचलली जाऊन पुन्हा टेकत होती.

घरी आल्यावर मी यांना म्हटलं, "तुमचा तो हौशीराम अजून बर्फाचा कारखाना चालवतो ना?"

हौशीराम कुसगावचा. स्टेशनवर थंड पाण्याला बर्फ लागायचा त्या काळापासून यांच्या ओळखीचा. मी काय मागतेय ते कळायला त्याला दोन कप चहा लागला.

"वहिनी, मी बर्फ लस्सीवाल्यांना देतो, मासळीवाल्यांना देतो, लग्नात सरबताला देतो, मयताखाली घालायला देतो. नाचायला देयाचा हा पयलाच टाईम."

"जमेल का ते सांगा."

"जमंल की. पर लादी एका टोकाला जाड असती नि एका टोकाला बारीक. डब्यातनं निसटायला पायजे ना. सरळ लावली तर उतार व्हईल." मग बशीत चहा ओतता ओतता स्वतःच म्हणाला, "उलटसुलट लावू. एक हिकडं तोंड, एक तिकडं."

गुरुवारी दुपारी माल बाहेर पडल्यावर साठवणीची खोली त्याने रिकामी ठेवली. आदल्या दिवशीच लाद्या जमिनीवर उलटसुलट शेजारी शेजारी मांडून, फटींत गार पाणी ओतून, वरून पुन्हा पाणी फिरवून ठेवलेलं. ते गोठून सगळ्याची एक फरशी झालेली. आमच्या माजघराएवढी असेल. खोलीत ट्यूबलाइट, भिंतींना थर्माकोल, तोंडातून वाफ. सुषमाने डोक्यावरून शाल घेतली. "लय गार हाय वो. ही पोरगी मरंल हितं."

माएलीसला आम्ही फक्त 'बूट घे' एवढंच सांगितलं होतं. ती दारात उभी राहिली. गोणपाटावर बसून बूट चढवायला लागली तर ते जाईनात. पाय वाढला होता. मोजे काढले आणि उघडे पाय आत कोंबले. ओठ दाबून नाड्या आवळल्या. मग भिंतीला धरून उभी राहिली आणि एक पाऊल बर्फावर टेकवलं. खर्र, असा बारीक आवाज झाला. तिने डोळे मिटले.

आधी ती नुसती मागे-पुढे झाली. पाळणा हलवावा तशी. मग मधोमध गेली, हात पसरले आणि फिरली. सुरुवातीला सावकाश, आणि मग हात छातीशी घेतले तशी इतकी जोरात की तिचं नाक, डोळे, वेणी, काही वेगळं दिसेना. नुसता एक उभा धागा. खाली पात्याने बर्फाचा चुरा उडत होता. हौशीराम म्हणाला, "आयला," आणि माझ्याकडे बघून जीभ चावली.

ती थांबली. धापा टाकत होती, अंगातून वाफा निघत होत्या. मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तिचा चेहरा पाहिला. जेवून तृप्त झालेल्या माणसाचा नव्हता तो. दिवसभराच्या उपाशी माणसाला शेजारच्या घरातून फोडणीचा वास यावा, तसा होता.

तिने पुन्हा ढकलून घेतलं, पुढे सरकली, आणि लगेच भिंतीवर दोन्ही तळवे आपटले. वळली. सरकली. पुन्हा भिंत. तिसऱ्यांदा ती भिंतीपाशीच थांबली. थर्माकोलवर कपाळ टेकून.

"मावशी," ती म्हणाली, "हितं लांबी न्हाई."

"उडी मारायला?"

"उडीला लय लांबून यावं लागतं." मग काही तरी फ्रेंचमध्ये म्हणाली, ते आम्हाला कुणालाच कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

हौशीराम म्हणाला, अजून लाद्या लावू की, दारापासची जागा आहे तेवढी तर भरू. सुषमाने त्याला गप्प बसायची खूण केली. मी पोरीच्या पायातले बूट काढायला वाकले. टाचा सोलल्या होत्या.

त्या संध्याकाळी तिने उत्तर लिहिलं. येते म्हणून.

साहेब खाली आले तेव्हा मी लसूण सोलत होते. ते समोर बसले आणि न विचारता एक गड्डा उचलून सोलायला लागले. वाईट सोलत होते.

"मी वर्षभर बर्फाचं नाव काढलं नाही," ते म्हणाले.

"मी काढलं," मी म्हटलं.

"तुम्हाला वाटलं, ती इथेच राहील."

"हो."

ते हसले, म्हणजे हसल्यासारखं केलं. "मीही तिला त्याच कारखान्यात नेलं असतं. मला ठाऊक नव्हता म्हणून." मग आम्ही दोघांनी मिळून महिनाभर पुरेल एवढा लसूण सोलला.

रात्री हे म्हणाले, "बँकर लोणावळ्याला सुटतो, वासंती. गाडी पुढे जाते."

"तुमचं इंजिन राहू द्या तुमच्यापाशी," मी म्हटलं आणि दुसऱ्या कुशीवर वळले.

ती एप्रिलमध्ये गेली. सुषमाने वाडीवरून करवंदं आणली होती, अजून हिरवीच, ती रुमालात बांधून दिली. विमानतळावर काढून घेतली म्हणे. घर पुन्हा शांत झालं. वाईट शांत नाही. आवाज कमी, एवढंच. दुपारी तीन वाजता मी जिन्याकडे बघायचे आणि मग भांडी लावायला घ्यायचे.

डिसेंबरात तिकडची स्पर्धा साहेबांनी त्यांच्या मोठ्या पडद्यावर लावली. आम्ही तिघं सोफ्यावर ओळीने. सुषमा जमिनीवर, सोफ्यावर बसायला तयारच होईना. निळ्या झग्यातली माएलीस बाहेर आली. आणि मी पहिल्यांदा ती लांबी पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता पांढरा बर्फ, आणि ती त्यावरून अशी सरकत गेली की वाटलं आता थांबणारच नाही. मग उडी. पडली.

"अगं बाई!" सुषमा ओरडली. "उठ, उठ!"

ती उठलीच होती. पुढचं सगळं नीट केलं. सातवी आली.

अर्ध्या तासात फोन आला. बापाशी बोलून झालं आणि मग माझ्याकडे.

"मावशी, पडले."

"दिसलं. लागलं का?"

"न्हाई." मागे खूप मुलींचे आवाज होते. "मावशी, मे महिन्यात सुट्टी हाय. शिबिर पन हाय, इटलीत. सर्वांना न्हाई घेत, मला घेतलंय. पन मी हिकडं येऊ का? तुमी म्हनाल तसं."

मी यांच्याकडे पाहिलं. साहेबांकडे पाहिलं. साहेब आपल्या बुटांकडे बघत होते.

"मे महिन्यात?" मी म्हटलं. "अगं, मे महिन्यात आम्ही कुठं इथे! दापोलीला चाललोय ना, महिनाभर. घर बंद."

"महिनाभर?"

"यांच्या मित्राकडे. कधीचं ठरलंय."

"बरं," म्हणाली. "मग मी इटलीला जाते." आवाजात वाईट वाटलेलं होतं, आणि त्याच्या खाली सुटल्याचंही होतं. मला दोन्ही ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर दीनानाथ म्हणाले, "आपण दापोलीला जातोय?"

"जातोय."

"कुठल्या मित्राकडे?"

"तो शोधा आता तुम्ही."

मित्र काही सापडला नाही. पण मे महिन्यात आम्ही खरंच गेलो. पोरीला सवय आहे, कधीही व्हिडिओ कॉल लावते. मागे आमचं स्वयंपाकघर दिसलं असतं तर काय सांगणार? दापोलीजवळच्या मुरूडला खोली घेतली. घामाच्या धारा, पंख्याला वारा नाही, आणि खोलीवालीच्या हातचं जेवण मसालेदार. आठव्या दिवशी हे पंचाने मान पुसत म्हणाले, "बास झालं ना आता? घरी जाऊ."

मी मोबाइलमध्ये बघत होते. तिने इटलीहून व्हिडिओ पाठवला होता, कुठल्याशा मोठ्या बर्फावरचा, दुसऱ्या मुलीने काढलेला. ती इतकी लांब निघून गेली होती की पडद्यावर नखाएवढी दिसत होती.

"शिबिर संपू दे," मी म्हटलं.